'नीचा नगर'सोबत कान गाजवणारा मेक्सिकोचा 'इंडिओ' : एमिलिओ फर्नांडेझ

१९४६ सालचा कान चित्रपट महोत्सव म्हटलं की आपल्याकडे एकच नाव निघतं, चेतन आनंद यांचा 'नीचा नगर'. कानचं सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा पहिला भारतीय चित्रपट. पण त्या वर्षी हे पारितोषिक एकट्या 'नीचा नगर'ला मिळालं नव्हतं. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, महोत्सवाचं ते पहिलंच वर्ष होतं आणि तब्बल ११ चित्रपटांना ग्राँ प्री विभागून दिली गेली. त्यात डेव्हिड लीन होता, बिली वाइल्डर होता, रोबेर्तो रोसेलिनी होता. आणि मेक्सिकोहून आलेला एक चित्रपटही होता, 'मारिया कांदेलारिया'. त्याचा दिग्दर्शक एमिलिओ फर्नांडेझ.

मेक्सिकोत त्याला सगळे 'एल इंडिओ' म्हणत. या टोपणनावाचा भारताशी काहीही संबंध नाही. कोलंबस निघाला भारताकडे, पोचला भलतीकडेच आणि तिथल्या मूळ रहिवाशांना 'इंडियन' हे नाव चिकटलं ते कायमचं. फर्नांडेझची आई किकापू या आदिवासी जमातीची होती, म्हणून तो 'इंडिओ'. मेक्सिकोच्या शहरी समाजात हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. त्याने तोच बिरुदासारखा मिरवला.

चाळीसहून जास्त चित्रपट दिग्दर्शित करणारा, त्याहून कितीतरी जास्त चित्रपटांत अभिनय करणारा हा माणूस आज जगभरच्या बहुतेक प्रेक्षकांना माहीत आहे तो एका खलनायकाच्या चेहऱ्याने. 'द वाइल्ड बंच'मधला दारुडा, क्रूर जनरल मापाचे आठवतो? तोच हा.

बंडखोर पोरगा हॉलिवूडला कसा पोचला?

२६ मार्च १९०४ ला मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या कोआविला राज्यात, एका खाणवस्तीत फर्नांडेझचा जन्म झाला. तो सहा-सात वर्षांचा असताना, १९१० मध्ये मेक्सिकन क्रांती पेटली. पुढची दहा वर्षं देश धुमसत राहिला. त्याचे वडील क्रांतीत लढलेले आणि पोरगाही बंदुकांच्याच सावलीत वाढला.

१९२३ च्या डिसेंबरमध्ये आदोल्फो दे ला उएर्ता या नेत्याने सरकारविरुद्ध बंड केलं, त्यात तरुण फर्नांडेझ सामील झाला. बंड फसलं. त्याला तुरुंगवास झाला, तो तिथून निसटला आणि सीमा ओलांडून अमेरिकेत गेला. मिळेल ते काम करत शेवटी लॉस एंजेलिसला पोचला आणि हॉलिवूडच्या गर्दीच्या दृश्यांमधला एक चेहरा झाला.

इथे एक गंमतीदार योगायोग आहे. ज्याच्या बंडात फर्नांडेझ लढला तो दे ला उएर्ताही पळून लॉस एंजेलिसलाच आला होता आणि तिथे चक्क गाण्याचे वर्ग घेऊन पोट भरत होता! फर्नांडेझ पुढे सांगायचा की या जुन्या नेत्यानेच त्याला समजावलं, मेक्सिकोला आता आणखी बंडं नकोत, तू सिनेमा शीक, बंदुकीपेक्षा त्याची ताकद मोठी आहे. ही गोष्ट सांगणारा फर्नांडेझ स्वतःच आहे आणि तो पक्का गोष्टीवेल्हाळ होता, हे ध्यानात ठेवून ती ऐकायची.

अशीच दुसरी गोष्ट ऑस्करच्या बाहुलीची. हॉलिवूडचे कलादिग्दर्शक सेड्रिक गिबन्स यांनी ऑस्करच्या पुतळ्याचं चित्र काढलं तेव्हा समोर उभा होता तो फर्नांडेझच, असं सोशल मीडियावर दरवर्षी फिरतं. या कथेत गिबन्स यांची पत्नी, मेक्सिकन तारका डोलोरेस देल रिओ हिने त्याचं नाव सुचवलेलं असतं. गोष्ट झकास आहे, पण तिला ठोस पुरावा नाही.

त्या काळातली तिसरी घटना मात्र त्याच्या कामात स्पष्ट दिसते. रशियन दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइन १९३० च्या अखेरीस मेक्सिकोत आला होता आणि तिथे चित्रीकरण करत होता. पैशाच्या भांडणात त्याचा चित्रपट अर्धवट राहिला, पण त्यातली दृश्यं फर्नांडेझने अमेरिकेत पाहिली. निवडुंग, आभाळ, पांढऱ्या कपड्यातले शेतकरी, दगडी मूर्तींसारखे चेहरे. आपल्याच देशाकडे असंही पाहता येतं, हे त्याला एका परक्या माणसाच्या कॅमेऱ्यातून कळलं.

माफी मिळाली आणि १९३० च्या दशकात तो मायदेशी परतला. 'हानित्सिओ' (१९३५) मध्ये आदिवासी कोळ्याची मुख्य भूमिका केली. 'आया एन एल रांचो ग्रांदे' (१९३६) या तुफान चाललेल्या चित्रपटात तो नाचतानाही दिसतो. याच चित्रपटापासून मेक्सिकन सिनेमाचा सुवर्णकाळ सुरू झाला असं मानतात.

युद्ध जगात, तेजी मेक्सिकोत

दिग्दर्शक म्हणून त्याचा पहिला चित्रपट 'ला इस्ला दे ला पासिओन' १९४१ चा. पॅसिफिक महासागरातल्या क्लिपर्टन बेटावर तैनात केलेली मेक्सिकन तुकडी क्रांतीच्या धामधुमीत सगळेच विसरून गेले, त्या खऱ्या घटनेवर तो बेतलेला आहे.

वेळ अगदी जुळून आली होती. दुसऱ्या महायुद्धात हॉलिवूड युद्धपटांत गुंतलं, युरोपचा सिनेमा थंडावला. मेक्सिको १९४२ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या बाजूने युद्धात उतरला, म्हणून अमेरिकेने त्याला कच्ची फिल्म भरपूर दिली. तटस्थ राहिलेल्या अर्जेंटिनाचा पुरवठा मात्र आवळला. अर्जेंटिना हा तोवर स्पॅनिश सिनेमातला मोठा प्रतिस्पर्धी होता. आता सगळ्या लॅटिन अमेरिकेची थिएटरं मेक्सिकोसाठी मोकळी झाली.

त्याच सुमारास डोलोरेस देल रिओ हॉलिवूड सोडून मायदेशी परतली. १९४३ मध्ये 'फ्लोर सिल्वेस्त्रे' आला आणि फर्नांडेझची टोळी जमली. नायिका देल रिओ, नायक पेद्रो आर्मेंदारिस, पटकथाकार मॉरिसिओ माग्दालेनो, कॅमेऱ्यामागे गॅब्रिएल फिगेरोआ आणि पुढच्या चित्रपटांत संकलनाला ग्लोरिया शोएमान. शेवटचं नाव फार कमी लेखांत येतं, पण त्या काळच्या मेक्सिकन सिनेमाचा मोठा हिस्सा या बाईंच्या कात्रीखालून गेलेला आहे. आर्मेंदारिसचा चेहरा बॉण्डपट पाहणाऱ्यांना ओळखीचा वाटेल. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मधला इस्तंबूलचा करीम बे म्हणजे तोच.

'मारिया कांदेलारिया' : पांढरी फुलं आणि दगड

गोष्ट मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोची. कालवे, त्यातल्या होड्या, पाण्यावर तरंगल्यासारखे दिसणारे फुलांचे मळे. काळ १९०९, म्हणजे क्रांतीच्या आदल्या वर्षाचा. मारियाची आई वेश्या होती, म्हणून गावाने तिला दगडांनी ठेचून मारलं. आता मुलीलाही गावात थारा नाही. ती फुलं विकायला निघाली की लोक तिची होडी अडवतात. तिच्या बाजूने एकच माणूस आहे, लोरेन्सो राफाएल.

दोघांनी एक डुकराचं पिल्लू पाळलंय. ते मोठं होऊन विकलं की लग्न करायचं. गावच्या दुकानदाराचा मारियावर डोळा आहे. तो ते डुक्कर गोळी घालून मारतो. मारियाला हिवताप होतो. सरकारने वाटायला दिलेलं क्विनाइन त्याच दुकानदाराकडे आहे आणि तो ते देत नाही. लोरेन्सो राफाएल दुकान फोडून औषध घेतो, जाताना तिच्यासाठी लग्नाचा एक पोशाखही उचलतो. औषधाने ती वाचते. पोशाखामुळे तो तुरुंगात जातो.

त्याला सोडवण्यासाठी पैसे हवेत म्हणून ती एका चित्रकारासमोर बसायला तयार होते. चेहरा काढू देते, पण कपडे उतरवायला सांगताच पळून जाते. चित्रकार दुसऱ्या स्त्रीला बसवून उरलेलं नग्न शरीर रंगवतो. गावाला ते चित्र दिसतं. चेहरा मारियाचा! पुढे जे होतं ते आईच्या वेळी झालं तेच. जमाव दगड घेऊन मागे लागतो आणि ती तुरुंगाच्या दारात, लोरेन्सो राफाएलच्या डोळ्यांसमोर मरते. शेवटी तो तिचा देह फुलांनी भरलेल्या होडीतून कालव्यातून घेऊन जातो.

चित्रपटाची ताकद या साध्या रचनेत आहे. मोठं कारस्थान कुठेच नाही. एक डुक्कर, एक औषध, एक पोशाख, एक चित्र. प्रत्येक पायरीवर कुणीतरी थोडा माणुसकीने वागला असता तर ती वाचली असती.

कानमध्ये फिगेरोआच्या छायाचित्रणालाही पारितोषिक मिळालं आणि युरोपने मेक्सिकन सिनेमाची दखल घेतली. पण घरचे आक्षेपही खरे होते. हॉलिवूडमध्ये वर्षानुवर्षं झगमगलेली, सुखवस्तू घरातली, चाळिशीच्या उंबरठ्यावरची देल रिओ अनवाणी आदिवासी मुलगी म्हणून उभी राहते. तिचा प्रियकर आर्मेंदारिसही तसाच गोरा, देखणा, हिरव्या डोळ्यांचा. आदिवासींची बाजू घेणाऱ्या चित्रपटात आदिवासी मुख्यतः जमावात आहेत, हातात दगड घेऊन. नायक-नायिका सोज्वळ आणि बाकी गाव हिंस्र, हे चित्र आदिवासींना न्याय देतं का? स्वतः किकापू आईचा मुलगा असलेल्या दिग्दर्शकाला हा प्रश्न चुकवता आला नाही आणि त्याच्या चित्रपटांबद्दल तो आजही विचारला जातो.

फिगेरोआचे ढग

फर्नांडेझचा चित्रपट ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे आभाळ पाहायचं. पडद्याचा अर्धा-अधिक भाग ढगांनी भरलेला, खाली क्षितिजाजवळ माणसांची काळी रांग, बाजूला निवडुंग. फिगेरोआने 'सिटिझन केन'चे छायालेखक ग्रेग टोलंड यांच्याकडे काम शिकलं होतं. कॅमेरा खाली ठेवायचा, जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट ठेवायचं, फिल्टर वापरून आभाळ गडद करायचं म्हणजे ढग उठून दिसतात. ओरोस्को, रिवेरा या भित्तिचित्रकारांचा प्रभाव तर उघडच आहे. कृष्णधवल फिल्मवर त्यांनी जणू भिंतीच रंगवल्या.

जोडीने दोन डझनांच्या आसपास चित्रपट केले. 'एनामोरादा' (१९४६), 'ला पेर्ला' आणि 'रिओ एस्कोंदिदो' हे तिघे तर मेक्सिकोच्या एरिएल पुरस्कारांत एकामागोमाग एक सर्वोत्कृष्ट ठरले. 'ला पेर्ला' ही जॉन स्टाइनबेकची कथा. गरीब कोळ्याला प्रचंड मोती सापडतो आणि तोच मोती त्याच्या घराचा घात करतो. स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन आवृत्त्या केल्या गेल्या.

'रिओ एस्कोंदिदो'मध्ये मारिया फेलिक्स शिक्षिका आहे. राष्ट्राध्यक्ष तिला दूरच्या, एका गुंड जमीनदाराच्या टाचेखालच्या गावात पाठवतात. शाळा, लस, पाणी यांच्यासाठी ती एकटी झुंजते. हेतू चांगला असला तरी चित्रपट जागोजागी सरकारी भाषणासारखा वाटतो. क्रांतीने दिलेली आश्वासनं सरकार पूर्ण करतंय, असा त्याचा सूर आहे आणि त्या काळच्या सत्ताधाऱ्यांना तो नक्कीच गोड लागला असणार.

त्यापेक्षा 'एनामोरादा' फार वरचा. क्रांतिकारी जनरल गाव ताब्यात घेतो आणि तिथल्या श्रीमंताच्या तापट मुलीच्या प्रेमात पडतो. ती त्याला थोबाडीत मारते, त्याची टर उडवते. रात्री तो तिच्या खिडकीखाली गाणं म्हणवतो आणि पडदाभर फक्त मारिया फेलिक्सचे डोळे दिसतात. शेवटी ती परदेशी नवऱ्या मुलाला, घराला आणि मोत्यांच्या माळेला सोडून जनरलच्या घोड्याबाजूने पायी चालू लागते. घोड्यावर तो, जमिनीवर ती. आजच्या प्रेक्षकाला हे खटकेल आणि खटकायलाही हवं, पण मागचं आभाळ आणि सैन्याची लांबलचक रांग विसरता येत नाही.

शहरही त्याने पाहिलं. 'सालोन मेक्सिको' (१९४९) मध्ये धाकट्या बहिणीची बोर्डिंग शाळेची फी भरण्यासाठी एक स्त्री रात्री नाचघरात काम करते आणि हे तिच्यापासून लपवते. 'विक्तिमास देल पेकादो' (१९५१) मध्ये नाचणारी बाई कचऱ्यात टाकलेलं मूल उचलते आणि त्यापायी सगळं गमावते. उपदेश आणि भडक नाट्य दोन्ही आहे, पण धूर, घाम आणि ढोल यांचा असा अनुभव त्याच्या गावाकडच्या चित्रपटांत नाही.

घसरण

१९५० नंतर गाडी उताराला लागली. युद्ध संपलं, हॉलिवूड परतलं, मेक्सिकन निर्माते स्वस्त आणि झटपट चित्रपटांकडे वळले. फर्नांडेझ मात्र त्याच त्या क्रांतीकडे, त्याच त्या गावाकडे, त्याच त्या ढगांकडे जात राहिला. त्यात लुइस बुन्युएल नावाचा स्पॅनिश दिग्दर्शक मेक्सिकोत आला आणि १९५० मध्ये 'लोस ओल्विदादोस' केला. गरिबी सुंदर दिसते हा समजच त्याने मोडीत काढला. छायाचित्रण कुणाचं? फिगेरोआचंच! एक किस्सा नेहमी सांगितला जातो. फिगेरोआने ज्वालामुखी आणि ढगांची देखणी चौकट लावली, तर बुन्युएलने कॅमेरा फिरवून रखरखीत माळाकडे वळवला.

'ला रेद' (१९५३) कानपर्यंत पोचला, पण पूर्वीचा दबदबा उरला नाही. चित्रपट मिळेनासे झाले, निर्माते त्याच्या स्वभावाला घाबरू लागले. कमरेला पिस्तूल लावून फिरणारा, चित्रीकरणात आरडाओरडा करणारा, दारू चढली की कुणाशीही भिडणारा माणूस अशी त्याची ख्याती होती. स्वतःबद्दलच्या भीतीदायक दंतकथा तोही आवडीने पसरवायचा.

मग सुरू झाली दुसरी कारकीर्द

काम नसलेल्या दिग्दर्शकाने पुन्हा तोंडाला रंग लावला. 'ला कुकाराचा' (१९५९) मध्ये तो मारिया फेलिक्स आणि डोलोरेस देल रिओ या आपल्या दोन्ही नायिकांसोबत दिसला. जॉन ह्यूस्टनच्या 'द नाइट ऑफ द इग्वाना' (१९६४) मध्ये छोटी भूमिका केली. याच चित्रपटासाठी फिगेरोआला ऑस्करचं नामांकन मिळालं. पुढे मार्लन ब्रँडोच्या 'द अपालूसा'त आणि जॉन वेनच्या 'द वॉर वॅगन'मध्येही तो आहे.

आणि १९६९ मध्ये सॅम पेकिनपाचा 'द वाइल्ड बंच'. चित्रीकरण कोआविलात, म्हणजे फर्नांडेझच्या जन्मराज्यात. भूमिका जनरल मापाचेची, क्रांतीच्या विरोधात लढणाऱ्या सरकारी फौजेतला लुटारू अधिकारी. ज्याने आयुष्यभर क्रांतीला देव्हाऱ्यात बसवलं त्याने क्रांतीचा शत्रू रंगवला आणि असा रंगवला की त्यापुढे नायकही फिके पडतात. चित्रपटाच्या सुरुवातीला मुलं विंचवाला लाल मुंग्यांच्या घोळक्यात सोडून हसत बघतात, ते दृश्य आठवत असेल. ही कल्पना फर्नांडेझने दिली, लहानपणी आम्ही असं खेळायचो असं त्याने पेकिनपाला सांगितलं होतं.

पेकिनपाने पुढे त्याला 'पॅट गॅरेट अँड बिली द किड' (१९७३) मध्येही घेतलं. 'ब्रिंग मी द हेड ऑफ आल्फ्रेदो गार्सिया' (१९७४) मध्ये तो जमीनदार आहे. मुलीला गरोदर करणाऱ्याचं मुंडकं आणून द्या, असा हुकूम तो सोडतो आणि तिथून चित्रपट सुरू होतो. दोन वेळा दिसतो, पण पूर्ण चित्रपटावर त्याची दहशत राहते.

दिग्दर्शन पूर्ण सुटलं नव्हतं. 'ला चोका' (१९७४) साठी त्याला पुन्हा दिग्दर्शनाचं एरिएल मिळालं. शेवटचे दोन चित्रपट मात्र 'पुएब्लेरिना' आणि 'ला रेद' या स्वतःच्याच जुन्या चित्रपटांच्या नव्या आवृत्त्या होत्या, या वेळी रंगीत.

पडद्यावरचा हिंसाचार एकदा खऱ्या आयुष्यातही घडला. १९७६ मध्ये कोआविलात त्याच्या गोळीने एका तरुण शेतमजुराचा जीव गेला. स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली असं त्याचं म्हणणं होतं. न्यायालयाने त्याला दोषी ठरवून शिक्षा दिली, पण तो काही महिन्यांतच बाहेर आला. त्याच्यावरच्या कौतुकपर लेखांत हा प्रसंग बऱ्याचदा 'तापट कलावंताचा आणखी एक किस्सा' म्हणून येतो. ज्या शेतकऱ्यांच्या दुःखावर त्याने नाव कमावलं त्यांच्यातलाच एक मेला होता, त्याला किस्सा कसं म्हणायचं?

६ ऑगस्ट १९८६ ला मेक्सिको सिटीत फर्नांडेझ वारला. कोयोआकान भागातलं काळ्या ज्वालामुखी दगडाचं त्याचं किल्ल्यासारखं घर आजही उभं आहे. मान्युएल पार्रा या वास्तुविशारदाने पाडलेल्या जुन्या इमारतींचे भाग वापरून ते बांधलं. शेजारच्या रस्त्याचं नाव 'दुल्से ओलिविया', म्हणजे गोड ऑलिव्हिया. अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅविलंडवरच्या एकतर्फी प्रेमातून त्याने ते ठेवायला लावलं अशी आख्यायिका आहे. नोव्हेंबरमध्ये मृतांच्या स्मरणाचा सण येतो तेव्हा या घरात झेंडूच्या फुलांनी सजवलेल्या वेदी मांडतात आणि लोक बघायला गर्दी करतात.

पहिल्यांदा काय पाहावं?

२०१८ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसीच्या फिल्म फाउंडेशनने दुरुस्त केलेली 'एनामोरादा'ची प्रत कानमध्ये दाखवली गेली. सुरुवात तिथून करावी, कारण त्यात विनोद आहे आणि जोडी जबरदस्त आहे. 'मारिया कांदेलारिया' त्यानंतर, शक्य झाल्यास 'नीचा नगर'च्या सोबतीने. एकाच वर्षी एकाच मंचावर गाजलेले हे दोन चित्रपट, दोन्हींत गरीब वस्ती, दोन्हींत आजार आणि दोन्हींत वरच्या माणसाची मुजोरी.

आणि एक चित्रपट चुकवू नये तो म्हणजे 'पुएब्लेरिना' (१९४९). मोठे तारे नाहीत, पैसा फारसा नाही. तुरुंगातून सुटलेला ऑरेलिओ गावी येतो आणि पालोमाशी लग्न करतो. तिच्यावर पूर्वी अत्याचार झालेला आहे, पदरी त्यातून झालेलं मूल आहे. गावाला आमंत्रण दिलंय, जेवण तयार आहे, वाजंत्री आली आहेत. जमीनदारांच्या धाकाने एकही माणूस फिरकत नाही. रिकाम्या अंगणात नवरा-नवरी उभी राहतात, एकमेकांकडे बघतात आणि दोघंच नाचायला लागतात.